घोडा ओळखणं आणि पैसा सुटणं

वर्तमानपत्राच्या रेसच्या पानावर प्रत्येक शर्यतीखाली तीन नावं छापलेली असतात : पहिला, दुसरा, तिसरा. शेवटी ‘डेज बेस्ट’, म्हणजे त्या दिवसाचा सगळ्यात भरवशाचा घोडा. महालक्ष्मीचा हंगाम हिवाळ्यातला, पुण्याचा पावसाळ्यातला. गाव बदललं तरी पानाचा साचा तोच. ही तीन नावं काढणाऱ्याला काय काय ठाऊक असतं, त्यातलं किती उपयोगी पडतं आणि नाव बरोबर आलं तरी वाचकाच्या हाती काय लागतं, हे तीन प्रश्न एकत्र तपासायला हवेत. कारण रेसबद्दलचे आपल्याकडचे बहुतेक वाद दोन गोष्टींची गल्लत करून चालतात. जिंकणारा घोडा ओळखणं ही एक विद्या आहे. त्यातून पैसा सुटणं ही दुसरी गोष्ट. पहिली साधली म्हणून दुसरी साधत नाही.

गाठ हँडिकॅपरशी

जाणकार रेसकार्ड उघडतो तेव्हा घोड्यांच्या नावांआधी शर्यतीचा प्रकार पाहतो. आपल्याकडच्या बहुसंख्य शर्यती हँडिकॅप असतात. प्रत्येक घोड्याला त्याच्या कामगिरीवरून रेटिंग दिलेलं असतं आणि रेटिंगवरून वर्ग ठरतात. मुंबई-पुण्यात चौथा वर्ग २० ते ४६ रेटिंगचा, तिसरा ४० ते ६६, दुसरा ६० ते ८६. रेटिंगच्या एका गुणाला अर्धा किलो वजन. चौथ्या वर्गात ४६ रेटिंगच्या घोड्यावर ६० किलो असेल, तर २६ रेटिंगच्या घोड्यावर ५०. जॉकी हलका असला तर शिशाच्या पट्ट्या घालून वजन भरून काढतात. घोडा जिंकला की रेटिंग चढतं, हरत राहिला की हळूहळू उतरतं.

एकोणिसाव्या शतकात इंग्लंडमध्ये ॲडमिरल राउस यांनी वय आणि अंतर यांनुसार वजनाचं कोष्टक बसवलं, तेव्हापासून या पद्धतीचं ध्येय एकच आहे : सगळे घोडे कागदावर एका रेषेत यावेत. ते पूर्ण साधलं तर कुठलंही भाकीत निरर्थक ठरेल. म्हणून हँडिकॅप शर्यतीत भाकीत करणाऱ्याची खरी गाठ हँडिकॅपरशी, म्हणजे रेटिंग आणि वजन ठरवणाऱ्याशी असते. त्याला शोधायचा असतो तो रेटिंगमधला उशीर. एखादा तरुण घोडा दर महिन्याला सुधारतो आहे, पण त्याचं रेटिंग दोन शर्यती मागे आहे. एखाद्याला चुकीच्या अंतरावर चार वेळा पळवलं, तो हरला, रेटिंग उतरलं, आणि आज तो आपल्या सोयीच्या अंतरावर हलक्या वजनानिशी उभा आहे. असे घोडे सापडणं ही या कामातली खरी कमाई.

क्लासिक शर्यतींचं गणित निराळं. तिथे वजन सारखंच, थोडी सवलत मिळते ती फक्त माद्यांना. इंडियन डर्बी १९४३ पासून महालक्ष्मीला होते. २४०० मीटर, चार वर्षांचे घोडे, फेब्रुवारीचा पहिला रविवार. पहिली डर्बी बडोद्याच्या महाराजांच्या प्रिन्सेस ब्यूटिफुल या मादीने जिंकली होती. अशा शर्यतीत चांगल्या घोड्याला वजनाने मागे ओढलं जात नाही, त्यामुळे श्रेष्ठता उघडी पडते. १९७७ ची डर्बी जिंकणारा, रशीद बायरामजींच्या तबेल्यातला स्क्वाँडरर कारकिर्दीत १९ वेळा पळाला आणि १८ वेळा जिंकला. त्याचं नाव पहिल्या क्रमांकावर छापायला कसलीही विद्या लागत नव्हती. त्याच्यावर पैसे लावून श्रीमंत होणंही शक्य नव्हतं, कारण जे नाव सगळ्यांना ठाऊक असतं त्याचा भाव कधीच मिळत नाही.

फॉर्म : आकडा आणि त्यामागची शर्यत

नावाशेजारी मागच्या शर्यतींचे क्रमांक असतात, समजा ५-२-४-१. नवशिका हे आकडे गुणपत्रिकेसारखे वाचतो. जाणकार प्रत्येक आकड्यामागची शर्यत आठवतो किंवा तिचं चित्रण पुन्हा पाहतो. पाचवा आलेला घोडा गेटमधून उशिरा सुटला होता का? वळणावर तीन घोड्यांच्या बाहेरून पळत राहिला का? सरळ धावेवर वाट न मिळाल्याने जॉकीला त्याला आवरावं लागलं का? तसं असेल तर तो पाचवा क्रमांक एखाद्या सुखाच्या दुसऱ्या क्रमांकापेक्षा मोलाचा.

मग अंतर आणि वजनाचा हिशेब येतो. घोडे किती लांबींनी, म्हणजे घोड्याच्या अंगाच्या लांबीच्या मापाने, पुढे-मागे आले ते निकालात नोंदवलेलं असतं. मैलाच्या, म्हणजे साधारण १६०० मीटरच्या शर्यतीत ढोबळमानाने एक किलो म्हणजे एक लांबी धरतात. कमी अंतराला एका लांबीसाठी जास्त वजन लागतं, लांब अंतराला कमी. समजा, सारख्याच वजनाने पळून ‘अ’ने ‘ब’ला दोन लांबींनी हरवलं. आज ‘अ’वर तीन किलो जास्त आहेत. कागदावर ‘ब’ एका लांबीने पुढे यायला हवा. पण त्या दिवशी ‘अ’चा जॉकी शेवटच्या पन्नास मीटरला लगाम धरून बसला होता आणि ‘ब’चा जॉकी चाबूक चालवत होता, हे निकालपत्रात लिहिलेलं नसतं. दोन लांबींचा फरक त्या दिवशी हवा तर चार झाला असता. पाहिलेल्याला हे कळतं, नुसतं वाचणाऱ्याला नाही.

वेळेवरून घोडा जोखण्याची परंपराही जुनी आहे. इंग्लंडमध्ये फिल बुल यांनी १९४८ साली टाइमफॉर्म सुरू केलं आणि प्रत्येक घोड्याला एक आकडा देण्याची शिस्त लावली. अमेरिकेत अँड्र्यू बायर यांनी १९७५ च्या पुस्तकात वेगाच्या आकड्यांची रीत मांडली. १९९२ पासून ते आकडे ‘डेली रेसिंग फॉर्म’ छापू लागलं. दोघांचा मुद्दा साधा होता : घड्याळातली वेळ तशीच्या तशी वापरता येत नाही, आधी त्या दिवसाचा ट्रॅक किती वेगवान होता ते वजा करावं लागतं. पुण्यात हे पदोपदी जाणवतं. ऑगस्टमध्ये दोन दिवस पाऊस लागला की हिरवळ मऊ होते आणि सगळ्यांच्याच वेळा लांबतात. शर्यती भरवणारा क्लब पेनेट्रोमीटरने जमिनीचा मऊपणा मोजून जाहीर करतो, आणि गवताची झीज टाळायला आतला कठडा काही मीटर बाहेर सरकवला असेल तर तेही कळवतो. कठडा सरकला की वळणं रुंदावतात, घोडे थोडे जास्त पळतात. या दोन गोष्टी न पाहता गेल्या आठवड्याची वेळ या आठवड्याच्या वेळेशी ताडून पाहणारा स्वतःची दिशाभूल करून घेतो.

पहाटेची वाळू

शर्यतीच्या आदल्या दिवसांतल्या सरावाच्या नोंदी हा आपल्याकडच्या रेसपत्रकारितेचा खास भाग. पहाटे घोडे वाळूच्या ट्रॅकवर पळतात, निरीक्षक स्टॉपवॉच घेऊन उभे असतात आणि दुसऱ्या दिवशी छापून येतं : ‘८००/५२, ६००/३८, सहज पळाला.’ याचा अर्थ असा की घोडा शेवटचे ८०० मीटर ५२ सेकंदांत आला आणि त्यातले अखेरचे ६०० मीटर ३८ सेकंदांत. वजाबाकी केली की पहिल्या २०० मीटरला १४ सेकंद लागल्याचं दिसतं. सुरुवात सावकाश आणि मग वेग वाढत गेलेला. ६०० मीटर ३८ सेकंदांत म्हणजे ताशी सत्तावन किलोमीटरच्या आसपास. शर्यतीत हेच अंतर याहून दोन-तीन सेकंद कमी वेळात कापलं जातं. म्हणजे घोड्याने ताकद राखून काम केलं.

पण या ओळीत जे नाही तेच पुष्कळदा निर्णायक असतं. पाठीवर शर्यतीचा जॉकी होता की जड रायडिंग बॉय? घोडा आतल्या बाजूने पळाला की बाहेरच्या? एकटा होता की जोडीदाराबरोबर? काही ट्रेनर सकाळी घोड्याला जोरात पळवतात, काही कधीच पळवत नाहीत. दुसऱ्या प्रकारच्या तबेल्यातल्या घोड्याने अचानक चमकदार वेळ दिली तर ती बातमी. पहिल्या प्रकारच्या तबेल्यात ते रोजचंच. म्हणून सरावाची नोंद त्या घोड्याच्या आणि त्या ट्रेनरच्या जुन्या नोंदींशी ताडून वाचावी लागते. कधीच न पळालेल्या नवख्या घोड्यांच्या शर्यतीत मात्र सराव, मॉक रेस (सरावासाठीची लुटुपुटूची शर्यत) आणि वंशावळ एवढाच आधार असतो, आणि तिथे पहाटे उठणाऱ्याला घरी बसलेल्यापेक्षा खरोखर जास्त कळतं.

अंतर, जागा, वेग

वंशावळीचा उपयोग सगळ्यात जास्त कुठे? जिथे घोडा अजून पळालेलाच नाही, अशा अंतरावर. डिसेंबरातली इंडियन टू थाउजंड गिनीज १६०० मीटरची आणि दोन महिन्यांनी येणारी डर्बी २४०० मीटरची. गिनीज जिंकलेला घोडा आणखी ८०० मीटर टिकेल का, याचं उत्तर त्याच्या स्वतःच्या फॉर्ममध्ये पुरेसं नसतं. तेव्हा बाप कुठल्या अंतराचा होता, आईची बाकीची पोरं किती पळाली, हे पाहतात. घोडा मागच्या शर्यतींत शेवटाला वेग वाढवत होता की दमत होता, ही खूण मात्र रक्तापेक्षा भरवशाची.

कमी अंतराच्या शर्यतीत गेटमधली जागाही महत्त्वाची. महालक्ष्मीचा ट्रॅक १८८३ पासूनचा, लंबगोल, एका फेरीला सुमारे २४०० मीटर. हजार-बाराशे मीटरच्या शर्यतीत बाहेरच्या गेटमधून सुटलेल्याला वळणाआधी आत यायला वेळ कमी मिळतो आणि तो जास्त पळतो. लांब अंतराला ही अडचण बरीचशी विरून जाते.

वर्तमानपत्री भाकितात सगळ्यात दुर्लक्षित राहतो तो शर्यतीचा वेग. बारा घोड्यांत पुढे धावायची सवय असलेले तीन असतील तर ते एकमेकांना दमवतील आणि मागून येणाऱ्याला फायदा होईल. असा एकच असेल तर त्याला हवा तसा वेग ठेवता येईल आणि त्याला गाठणं अवघड जाईल. हे ओळखायला गुप्त बातमी लागत नाही. मागच्या चार-पाच शर्यतींत कोण कुठे पळत होता एवढं लिहून काढलं की पुरे. तरीही बहुतेक भाकितं घोड्यांचा एकेकट्याने विचार करतात, जणू प्रत्येकजण रिकाम्या ट्रॅकवर पळणार आहे.

माणसं आणि कुजबुज

घोड्याइतकीच चर्चा जॉकीची होते. पांडू खाडे, वसंत शिंदे ही नावं जुन्या रेसशौकिनांच्या तोंडी अजून असतात. पेसी श्रॉफ यांनी जॉकी म्हणून इंडियन डर्बी आठ वेळा जिंकली आणि पुढे ट्रेनर म्हणूनही ते आघाडीवर राहिले. आज सूरज नरेडूचं नाव पाठीवर असलं की घोड्याचा भाव उतरतो. मोठा जॉकी फरक पाडतो यात शंका नाही. पण भाव त्या फरकापेक्षा जास्त उतरत असेल तर पैज लावणाऱ्याच्या दृष्टीने तो तोट्याचाच. एका तबेल्याचे दोन घोडे एकाच शर्यतीत असले आणि मुख्य जॉकीने त्यातला एक निवडला, तर ती निवड ही एक उघड आणि उपयोगी खूण. शिकाऊ जॉकीला वजनात सवलत असते, तीही हँडिकॅपमध्ये कामाची. घोड्याला पहिल्यांदाच झापडं बांधली असतील तर रेसकार्डात तशी नोंद असते. लक्ष विचलित होणारे काही घोडे त्याने एकदम सुधारतात.

यापलीकडे सुरू होते ती कुजबुज. ‘आज जॉकीने घोडा खेचला’, ‘मालकाने स्वतः लावलंय’, ‘मोतद्दाराने सांगितलं’. शंका नेहमीच खोटी असते असं नाही. म्हणूनच शर्यतीवर देखरेख ठेवणारे स्ट्युअर्ड चौकशी करतात, जॉकींना दंड-निलंबन होतं, घोड्यांचे नमुने तपासले जातात. पण भाकीत करणाऱ्यासाठी कुजबुजीची अडचण अशी की ती तपासता येत नाही आणि जिंकल्या-हरल्याची तिची नोंद कुणी ठेवत नाही. खात्रीची टिप विकणारा आठ गिऱ्हाइकांना आठ वेगवेगळे घोडे देऊ शकतो. एक गिऱ्हाईक पुढच्या आठवड्यात परत येणारच.

सगळ्यांत मोठा भाकीतकार : बाजार

एकोणिसाव्या शतकात, १८६७ च्या सुमारास, पॅरिसमध्ये जोसेफ ऑलेर यांनी जी सामायिक पैजेची पद्धत काढली, तीच आपली टोट. सगळ्यांचे पैसे एका गंगाजळीत जातात, कर आणि कमिशन वजा होतं आणि उरलेली रक्कम जिंकणाऱ्यांत वाटली जाते. त्यामुळे टोटच्या पाटीवरचा भाव हे हजारो लोकांचं एकत्रित भाकीत असतं. त्यात फॉर्म, सराव, जॉकी, कुजबुज सगळं आधीच मुरलेलं असतं. आणि ते भाकीत चांगलं असतं. जगभरात ढोबळमानाने दर तीन शर्यतींपैकी एकीत फेव्हरिट, म्हणजे सगळ्यात कमी भावाचा घोडा, जिंकतो, आणि भाव जितका कमी तितका घोडा खरोखर जास्त वेळा जिंकतो. १९४९ साली ग्रिफिथ या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाने याच भाकितातला एक कायमचा दोष दाखवला : लोक अशक्य घोड्यांवर गरजेपेक्षा जास्त आणि फेव्हरिटवर थोडा कमी पैसा लावतात. मोठ्या रकमेची हाव सगळीकडे सारखीच.

मग डोळे मिटून फेव्हरिटवरच लावावं का? एक हिशेब करून पाहू. शंभर शर्यतींत दर वेळी १०० रुपये फेव्हरिटवर लावले, म्हणजे १०,००० रुपये गुंतले. ३५ वेळा जिंकलात आणि दर वेळी सरासरी २४० रुपये परत आले, तर हातात ८,४०० रुपये. शंभरातले पस्तीस विजेते ओळखूनही १,६०० रुपयांचा तोटा. भाकीतकाराच्या दृष्टीने ही कामगिरी उत्तम आहे. खिशाच्या दृष्टीने नाही.

या हिशेबाला पुरून उरलेलं सर्वांत प्रसिद्ध उदाहरण हाँगकाँगमधलं. १९८० च्या दशकात बिल बेंटर हा अमेरिकी तिथे संगणक घेऊन गेला आणि प्रत्येक घोड्याच्या जिंकण्याची शक्यता आकड्यात मांडणारं गणिती प्रारूप त्याने वर्षानुवर्षं सुधारलं. १९९४ साली त्याने स्वतःच्या पद्धतीवर निबंध लिहिला. त्यातली शिकवण भल्याभल्यांना नमवणारी आहे : त्याचं प्रारूप बाजाराच्या भावाशी जोडल्यावरच फायद्यात आलं. बाजाराला असं काहीतरी ठाऊक होतं जे त्याच्या आकड्यांत नव्हतं. शिवाय हाँगकाँगमध्ये घोडे मोजकेच, ट्रॅक दोनच, तेच घोडे पुन्हा पुन्हा एकमेकांशी पळतात आणि गंगाजळी अवाढव्य. आपल्याकडे घोडे मोजके आहेत, पण गंगाजळी लहान. मोठी पैज लावली की तिनेच भाव खाली येतो.

कायदा म्हणतो कौशल्य, कर म्हणतो पैज

सर्वोच्च न्यायालयाने १९९६ साली के. आर. लक्ष्मणन खटल्यात घोड्यांच्या शर्यतीवरची पैज ही प्रामुख्याने कौशल्याची बाब ठरवली. घोड्याचा फॉर्म, वंश, सराव, जॉकी यांचा अभ्यास करूनच निवड होते, मटक्याच्या आकड्यासारखी ती केवळ नशिबावर नसते, हा त्या निकालाचा गाभा. वर जे काही पाहिलं त्यावरून हे म्हणणं पटण्यासारखं आहे.

दुसरीकडे वस्तू व सेवा कर २०१८ पासून पैजेच्या संपूर्ण रकमेवर २८ टक्के धरला गेला. त्यावर न्यायालयीन वाद झाले, २०२३ मध्ये कायदा अधिक स्पष्ट करण्यात आला आणि २२ सप्टेंबर २०२५ पासून दर ४० टक्क्यांवर गेला. १०० रुपयांच्या पैजेला ४० रुपये कर, त्याशिवाय क्लबचं कमिशन, आणि मोठी रक्कम जिंकलात तर आयकराची ३० टक्के कपात. हाँगकाँगमध्ये विजेत्यावरच्या साध्या पैजेतून सुमारे सतरा टक्के वजा होतात आणि तेवढ्यावर मात करायला बेंटरला वर्षं लागली. आपल्याकडच्या कपातीवर मात करायची तर भाकीतकाराला बाजारापेक्षा थोडं नव्हे, कितीतरी जास्त कळायला हवं. इतका फरक कुणालाच सातत्याने ठेवता येत नाही. शिवाय अधिकृत खिडकी महाग झाली की पैज बेकायदा बुकीकडे वळते, ही क्लबांची तक्रार आहेच; तिथे कर नाही, तशी दाद मागायची सोयही नाही.

न्यायालय आणि करखातं परस्परविरोधी बोलतात असं वाटतं, पण दोघं वेगवेगळ्या गोष्टींबद्दल बोलत आहेत. घोडा निवडण्यात कौशल्य आहे, हे खरं. त्या कौशल्याचा मोबदला पैजेत उरत नाही, हेही खरं.

चांगलं भाकीत कसं ओळखायचं

एवढं सगळं पाहिल्यावर वर्तमानपत्रातल्या तीन नावांकडून काय मागावं? पहिलं, कारण. ‘फॉर्म चांगला’ हे कारण होत नाही. ‘मागच्या वेळी वळणावर अडला, आज दोन किलो कमी, पुढे धावणारे तीन’ हे कारण होतं. दुसरं, शक्यता. घोडा चारांत एकदा जिंकेल असं वाटत असेल तर तसं लिहावं, मग १०० रुपयांना ४०० पेक्षा कमी मिळत असतील तर वाचकाला थांबता येतं. आपल्याकडची भाकितं भावाबद्दल जवळजवळ कधीच बोलत नाहीत, आणि हीच त्यांची सगळ्यात मोठी उणीव आहे. तिसरं, नकार. पाचव्या वर्गातल्या चौदा घोड्यांच्या शर्यतीत काहीच सांगता येत नाही, असं लिहिण्याची मुभा भाकीतकाराला हवी. तीन नावांचा रकाना भरलाच पाहिजे ही सक्ती वाचकाच्या मुळावर येते. चौथं, नोंद. हंगामाच्या शेवटी सगळी ‘डेज बेस्ट’ नावं, त्यांचे भाव आणि सारखी रक्कम लावली असती तर झालेला नफा-तोटा त्याच पानावर छापला जावा.

वाचकाने स्वतः करून पाहण्यासारखं एकच आहे. एका हंगामात प्रत्येक रविवारी फक्त दोन शर्यती निवडून आपला घोडा, त्याचा भाव आणि कारण वहीत लिहावं, पैसा लावू नये. हंगाम संपल्यावर हिशेब मांडावा. बहुतेकांना आपण घोडे बऱ्यापैकी ओळखतो असं दिसेल, आणि लावले असते तर पैसे गेले असते हेही दिसेल. रेस बघायला जरूर जा, रेसकार्ड वाचायला शिका. घरखर्चाचे पैसे मात्र घरीच ठेवा.